लेडी अडा लव्हलेस

विख्यात आंग्ल कवि लॉर्ड बायरन यांची कन्या ऑगस्टा अडा हिचा जन्म ता. १० डिसेंबर १८१५ रोजीं लंडन शहरीं झाला. ती महिन्याभराची असतांनाच आईबाप विभक्त झाले आणि पित्याचें दर्शन तिला पुन्हां घडलें नाहीं. पित्याचा चंचल कविस्वभाव मुलींत उतरूं नये या धास्तीनें आईनें तिला बालपणापासून गणिताच्या शिस्तींत वाढविलें. १८२९ सालीं गोंवरानें ती दीर्घकाळ अंथरुणास खिळली, तरी अभ्यास सुटला नाहीं. पुढें तिला गणित शिकविणारे डी मॉर्गन हे आपल्या हिंदुस्थानांत, मदुरेस जन्मलेले, हें ऐकून बालवाचकांस कौतुक वाटेल.

१८३३ सालीं चार्लस बॅबेज यांच्या गणनयंत्राचा नमुना तिनें पाहिला आणि त्याचा वेध तिला जन्मभर लागला. बॅबेज यांनीं मागाहून याहूनही थोर यंत्र योजिलें. त्यांत अंक सांठविण्यास चाकांच्या स्तंभांचें कोठार, आणि त्यांवर क्रिया करण्यास गिरणी. या यंत्रावरील एका फ्रेंच निबंधाचें अडाबाईंनीं १८४३ सालीं भाषांतर केलें व त्यास मूळाच्या सुमारें तिप्पट टीपा जोडिल्या. खालीं नांवाचीं केवळ आद्याक्षरें घातलीं.

शेवटच्या टीपेंत बर्नुलीच्या संख्या यंत्राकडून कशा काढवाव्या याचें कोष्टक आहे. येथेंच खरी मेख होती. स्तंभावरील अंक गिरणींत नेला कीं तेथें शून्य राहावें, कीं तोच अंक पुन्हां ठेवावा? लौकर पुसला तर पुढील क्रिया चुकते. निरुपयोगी अंक सांभाळीत बसावें तर स्तंभ अडून राहतात. म्हणून प्रत्येक स्तंभाच्या चिन्हापाशीं, त्यावरील मूल्य कितव्यांदा बदललें हें दाखविणारा बारीक आंकडा त्यांनीं लिहिला. आज खिशांतील मोबाइलसाठीं आज्ञावली लिहिणाऱ्यांस हाच पेंच पडतो : स्मृतीची जागा वेळेपूर्वीं सोडली तर आज्ञावली कोसळते, सोडलीच नाहीं तर स्मृति भरून यंत्र मंदावतें.

बाईंचे श्रम वांचावे म्हणून बॅबेज यांनीं बीजगणिताचा भाग स्वतः करून दिला. त्यांतील मोठी चूक बाईंनीं हुडकून त्यांजकडे परत धाडली. कोष्टक त्यांनीं शिसपेन्सिलीनें मांडलें व त्यावर शाई फिरविण्याचें काम त्यांचे पति, लव्हलेसचे अर्ल यांनीं केलें! इतकी दक्षता घेऊनही छापील कोष्टकांतील चौथ्या क्रियेंत भाज्य व भाजक उलटे पडलेच. यंत्र उभें राहिलें असतें तर ही चूक पहिल्याच फेरींत कळती. पण बॅबेज यांच्या हयातींत तें पुरें झालें नाहीं.

उत्तर आयुष्यांत घोड्यांच्या शर्यतींच्या नादानें बाई कर्जांत बुडाल्या, हेंही सांगितलें पाहिजे. कर्करोगाच्या यातना सोशीत ता. २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, अवघ्या ३६ व्या वर्षीं त्या निवर्तल्या. त्यांच्याच इच्छेवरून हक्नल येथील देवळांत, ज्या पित्याची त्यांस आठवणही नव्हती त्याच्या शेजारीं, त्यांचें दफन झालें.