विश्लेषण : ‘रिंग-स्पन’ जीन्सचे सूत आणि नागपूरची गिरणी... जमशेटजी टाटांचे लक्ष चांद्याच्या जंगलाकडे का गेले?

जाड, न धुतलेल्या रॉ डेनिमची जीन्स वर्षानुवर्षे वापरणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढते आहे. त्यांच्या बोलण्यात माप, आटणे, खळ, सेल्व्हेज आणि रिंग-स्पन हे शब्द हमखास येतात. यातील रिंग-स्पन सुताचा भारतातील पहिला महत्त्वाचा प्रयोग विदर्भात झाला. तो करणारे होते जमशेटजी नसरवानजी टाटा. या गिरणीने जमशेटजींना चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या, कोळशापर्यंत आणि लोखंडापर्यंत कसे नेले, याविषयी...

टिकाऊ जीन्स म्हणजे नेमके काय?

डेनिम हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड. त्यात उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरे. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. रॉ डेनिम मागावरून उतरल्यावर धुतलेले नसते. विणताना उभा धागा तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात. ती कापडात तशीच राहिल्याने नवी जीन्स पुठ्ठ्यासारखी ताठ असते. इंग्रजीत या खळीला आणि अंगाच्या मापाला जवळपास एकच शब्द आहे. खरेदी करताना दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. आधी न आटवलेले डेनिम पहिल्या पाण्यात साधारण ७ ते १० टक्के आटू शकते. त्यामुळे कंबर आणि लांबी या हिशेबानेच निवडावी लागते. लेबलवरच्या आकड्यापेक्षा घरातली मापपट्टी जास्त भरवशाची. तयार कापड आधीच आटवून घेण्याची सॅनफोरायझेशन ही पद्धत १९३० च्या सुमारास आली. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाईक आटण्याचा अंदाज स्वतःच बांधत असे.

जाड्याभरड्या सुती कापडाशी महाराष्ट्राचे नाते मात्र याहून जुने. मुंबईच्या डोंगरी भागातून जाणाऱ्या जाड कापडावरून इंग्रजीत डंगरी हा शब्द १७ व्या शतकात रूढ झाला. खलाशी आणि कामगारांचे कपडे या कापडाचे असत. अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना तांब्याच्या रिव्हेट मारलेल्या विजारीचे पेटंट २० मे १८७३ रोजी मिळाले. त्याच सुमारास जमशेटजी नव्या गिरणीसाठी जागा शोधत होते.

जमशेटजी कापडाच्या धंद्यात कसे आले?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीतील पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी घराण्याची परंपरा मोडून मुंबईत व्यापारात उतरले होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. कामासाठी ते हाँगकाँगला गेले, नंतर लंडनला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. लंडनमध्ये असलेल्या तरुण जमशेटजींवर सावकारांना तोंड देण्याची वेळ आली.

या पडझडीतून सावरून त्यांनी १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीतील एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली आणि काही काळाने नफ्यात विकली. त्यानंतर लँकेशायरला जाऊन तिथला कापडधंदा जवळून पाहिला. परतल्यावर त्यांना नवी गिरणी मुंबईत उभारायची नव्हती.

नागपूरच का निवडले?

तेव्हा बहुतेक गिरण्या मुंबईत निघत होत्या. कापूस विदर्भातून शेकडो मैल प्रवास करून मुंबईत यायचा आणि कापड होऊन पुन्हा देशात जायचे. दोन्ही वेळचे भाडे अखेर गिऱ्हाइकाच्या खिशातून जात असे. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला. गिरणीला कापूस, कोळसा, पाणी आणि बाजारपेठ या चार गोष्टी लागतात. या चारही जिथे जवळ असतील तिथेच गिरणी हवी.

नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती. वर्धा, हिंगणघाट हा नावाजलेल्या कापसाचा मुलूख. चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती. वर्ध्याहून वरोऱ्याला जाणारा रेल्वेफाटा हिंगणघाटवरूनच जातो. म्हणजे कापूस आणि कोळसा एकाच वाटेवर होते. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भराव घालून तयार करण्यात आली. हा खर्च पाहून नागपुरातील एका मारवाडी सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला. मातीत सोने पुरण्यात त्याला शहाणपणा वाटत नव्हता. मातीतून सोने निघू शकते, हे त्याने नंतर मान्य केल्याचे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव पडले एम्प्रेस मिल.

सुरुवात का फसली?

गिरणीसाठी घेतलेली पहिली यंत्रे स्वस्तातली होती. सूत तुटायचे, कापड कमी निघायचे आणि त्याचा दर्जाही हलका असायचा. कंपनीच्या शेअरचा भाव घसरला. विदर्भाचा उन्हाळा हे आणखी एक संकट होते. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो आणि ताण पडताच तुटतो. दमट मुंबईत ही अडचण इतकी जाणवत नव्हती.

जमशेटजींपुढे दोन पर्याय होते. एक मार्ग तेव्हा बाजारात सर्रास चालायचा. लँकेशायरचे कित्येक गिरणीमालक स्वस्त कापडाला खळीबरोबर चिनी माती चोपडून ते जड करत. दुकानात हाताला भरीव लागणारे कापड पहिल्या धुण्यात लुळे पडे. दुसरा मार्ग खर्चाचा होता. सूत मुळातच मजबूत करायचे, म्हणजे यंत्रे बदलायची. जमशेटजींनी दुसरा मार्ग घेतला. हलकी यंत्रे काढून चांगली आणली आणि कातखात्यात हवा दमट ठेवणारी साधने बसवली. आग विझवणारे फवारेही बसवले.

या कामात दोन माणसे त्यांच्या उपयोगी पडली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेच्या माल विभागातून आले होते, त्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळत. कारभार एकाकडे आणि यंत्रे दुसऱ्याकडे ही वाटणी नागपुरात चांगली चालली.

रिंग-स्पिनिंगने काय बदलले?

त्या काळी सूत प्रामुख्याने म्यूल यंत्रावर कातले जाई. म्यूल आधी धागा ओढून पिळतो, मग थांबून गुंडाळतो. हे काम टप्प्याटप्प्याने चालते आणि त्याला कसबी कामगार लागतो. अमेरिकेत विकसित झालेल्या रिंग यंत्रात चातीभोवती धातूचे कडे असते. त्या कड्यावरून एक छोटी कडी फिरते. धागा पिळणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता होते. उत्पादन वाढते आणि उभ्या धाग्याला लागणारे घट्ट, मजबूत सूत मिळते.

लँकेशायर आपल्या म्यूलवर समाधानी होते. रिंग यंत्राकडे तिथे संशयानेच पाहिले जाई. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास ही यंत्रे नागपुरात आणून आधी त्यांची चाचणी घेतली. निकाल चांगला आल्यावर जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलली. भारतातील बाकीच्या गिरण्या या वाटेने नंतर आल्या.

आज जीन्सच्या लेबलवर रिंग-स्पन लिहिलेले असते ते याच तंत्राचे सूत. विसाव्या शतकात ओपन-एंड नावाचे आणखी वेगवान तंत्र आले. त्याचे सूत स्वस्त पडते, पण ताकदीला रिंगच्या सुतापेक्षा कमी असते. जाणकार लेबल उलटून पाहतात ते यासाठीच. एम्प्रेस मिलमध्ये जीन्सचे डेनिम निघत नव्हते. तिथे सूत आणि रोजच्या वापराचे सुती कापड तयार होई. पण कापडाचे आयुष्य धाग्यात ठरते, हा नियम धोतराला आणि जीन्सला सारखाच लागू आहे.

कामगारांसाठी काय केले?

नागपुरात कामगारांच्या गैरहजेरीचा प्रश्न मोठा होता. पेरणीच्या दिवसांत, सणावाराला आणि लग्नसराईत माग बंद राहत. जमशेटजींनी दंडाऐवजी बक्षिसे आणि सोयींवर भर दिला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघातात जखमी होणाऱ्यांना भरपाई देण्याची पद्धत घातली. कामगार भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला. त्या काळच्या मानाने हे पुढचे पाऊल होते. तरीही कामाचे तास लांब होते आणि गिरणीतले जीवन कष्टाचेच होते.

चांद्याच्या लोखंडाशी संबंध कसा आला?

१८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असल्याचे त्यात म्हटले होते. वरोऱ्याचा कोळसा तर जवळच होता. नागपूरची गिरणी ज्या कोळशावर चालते त्यावर लोखंडही गळेल, असा अंदाज होता. जमशेटजींनी तो कोळसा तपासणीसाठी जर्मनीला नेला. उत्तर निराशाजनक आले. वरोऱ्याचा कोळसा बाष्पकाला चालतो, पण त्याचा भट्टीला लागणारा कोक होत नाही. त्यातच खाणकामाचे सरकारी नियम जाचक होते. योजना १७ वर्षे बासनात राहिली.

दरम्यान १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. इथे बारीक सुताचे कापड काढायचे होते. त्यासाठी इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस भारतात पिकवण्याचाही त्यांनी आग्रह धरला.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत खाणकामाचे नियम सैल झाले आणि जमशेटजींनी चांद्याचे परवाने मिळवले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याने सहकारी सी. एम. वेल्ड यांना पाहणीसाठी पाठवले. वेल्ड यांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या जंगलात शोध घेतला. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, वाघांचा वावर आणि प्रवासाला बैलगाडी अशी स्थिती होती. लोहाऱ्याचे खनिज कसदार निघाले, पण मोठा कारखाना चालेल इतके ते नव्हते. पुढे नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भ नकाशावर दोराबजींना दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाच्या खुणा दिसल्या. भूगर्भशास्त्रज्ञ पी. एन. बोस यांनी मयूरभंजच्या साठ्यांची माहिती कळवली आणि शोध पूर्वेकडे वळला.

जमशेटजींनी पुढचे पाहिले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली. साकची, म्हणजे आजच्या जमशेदपूर येथे, १९१२ मध्ये पहिले पोलाद तयार झाले. चांदा मागे पडला.

आज काय उरले?

एम्प्रेस मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. लोखंडाचा विषय मात्र पुन्हा याच मुलखात आला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज निघते आहे. त्याला ग्रामसभांचा विरोधही झाला आहे.

रॉ डेनिम घेणाऱ्या विदर्भातील वाचकांसाठी यात एक व्यवहारी धडाही आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सर्वांत जाड कापड म्हणजे सर्वांत योग्य कापड, हे समीकरण चुकते. ताठपणा खळीचा असतो, तो पाण्यात जातो. वजन ऋतू पाहून घ्यावे, माप आटणे धरून घ्यावे आणि टिकाऊपणा सुतात शोधावा. पहिल्या धुण्यानंतर जे उरते, तेच खरे कापड.