सिनेमातलं जहाज आणि साहेबमामा

सातपाटीला होडी बांधतात ती दर्यात तरंगण्यासाठी. सिनेमातलं जहाज मात्र नुसतं दिसण्यासाठी! तरी त्यावर नट धावतात, म्हणजे सांगाडा पक्का हवाच.

१९३६ साली प्रभातच्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई खोटे समुद्री चाच्यांच्या म्होरक्या झाल्या. स्टुडिओ पुण्यात, तिथे समुद्र कुठला? पण कलादिग्दर्शक होते शेख फत्तेलाल, म्हणजेच साहेबमामा.

त्यांचा जन्म १८८६ साली कागलला झाला. डिग्री वगैरे काही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. तिथे सिनेमाचा कॅमेरासुद्धा घरीच बनवला गेला! १९२९ मध्ये दामले, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी 'प्रभात' काढली. पुढे दामल्यांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुसलमान घरातल्या या माणसाने पडद्यावर देहू उभं केलं, आणि १९३७ मध्ये तो चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला.

१९६४ साली मामा गेले. प्रभातच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

शूटिंग संपलं की सेट मोडतात. आपला प्रोजेक्टही व्हायव्हा झाला की कोपऱ्यात पडतो, म्हणून आपण तो कसाबसा उरकतो. मोडायचंच आहे हे माहीत असूनही मन लावून बांधायचं, हे मामांकडून शिकावं.