जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा

पुण्याच्या रस्त्यावरून एक तिरडी चालली होती. तिरडीवर प्रेत नव्हते, पुतळा होता; आणि ज्याचा तो पुतळा होता, तो माणूस जिवंत होता. सनातन्यांनी काढलेली ही प्रेतयात्रा होती गोपाळ गणेश आगरकरांची. त्यांनी कुणाला लुबाडले नव्हते, कुणाचे घर मोडले नव्हते. बापजाद्यांपासून चालत आले म्हणून ते खरे कसे, एवढाच प्रश्न ते आठवड्यामागून आठवडे छापील अक्षरांत विचारीत होते.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. अंगात घालायला सदरा एकच. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच चढवायचा. असा मुलगा एम. ए. झाला की घरच्यांनी मोठ्या पगाराची वाट पाहणे साहजिकच होते. पण त्यांनी आईला पत्र लिहून ती आशा आधीच सोडायला सांगितली. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवायचा, हे त्यांचे ठरून गेले होते.

ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात पडले. १८८१ साली निघालेल्या केसरीचे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे दोघा मित्रांत बिनसले. आधी राजकीय हक्क की आधी समाजाची सुधारणा, हा वाद विकोपाला गेला. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक सुरू केला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

सुधारकात आगरकरांनी धर्माला हात घातला. तोवरचे बहुतेक सुधारक शास्त्राला शास्त्राने उत्तर देत. विधवाविवाहाला आधार हवा तर तो स्मृतिग्रंथांत शोधत. आगरकरांना ही वाटच मान्य नव्हती. बालविवाह किंवा विधवेचे केशवपन वाईट, ते कोण्या ऋषीने निषेध केला म्हणून नव्हे, तर त्यात एका मुलीचे आयुष्य जळते म्हणून! सोवळ्याला त्यांनी स्वच्छतेची कसोटी लावली. देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली आणि वाढली, याचा उलगडा त्यांनी ‘देवतोत्पत्ति’ या लेखात केला. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. ईश्वर आहे की नाही हे माणसाला कळण्याजोगे नाही, अशी त्यांची धारणा. म्हणून त्यांना अज्ञेयवादी म्हणतात. लोकांनी मात्र सरळ नास्तिक ठरवले.

देवाची भीती गेली तर माणूस बेताल होईल, ही शंका तेव्हाही घेतली जाई. आगरकरांचे आयुष्य हेच तिला उत्तर होते. स्वर्गाची आशा नसताना त्यांनी गरिबी पत्करली आणि नरकाचे भय नसताना ते सचोटीने वागले.

एवढा कडवा माणूस घरात कसा असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. समाजाला झोडपणाऱ्या आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. काहींना ही विसंगती वाटते. पण विचाराने पटल्याखेरीज काही मानू नये, असे सांगणाऱ्याने नवरेपणाच्या जोरावर बायकोकडून देव सोडवून घेतला असता, तर ती खरी विसंगती ठरली असती. तो नव्या पोथीचा नवा भटजी झाला असता!

दम्याने त्यांचे शरीर पोखरले होते. १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आणि जोडीला सुधारक, अशी दुहेरी ओढाताण त्यांनी सोसली. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवले होते. कॉलेजच्या प्राचार्याची ही शिल्लक! मतभेद विसरून केसरीत टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आज आगरकरांच्या नावाचे रस्ते आहेत, शाळा आहेत. पुतळा जाळणाऱ्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. पण ती प्रेतयात्रा मात्र अजून पुरती थांबलेली नाही. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी, हे का करायचे, असे विचारते आणि आपण उत्तर न देता डोळे वटारतो, तेव्हा त्या तिरडीला आपलाही खांदा लागतो. पूजा करावी की करू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलाला प्रश्न मात्र विचारू द्यावा.