'माहीत नाही' असं थिसीसमध्ये लिहिणारा मुलगा

बारावीच्या बायोलॉजीत 'आयलेट्स ऑफ लँगरहान्स' पाठ करताना हा लँगरहान्स कोण, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. उत्तर लिहायचं, मार्क घ्यायचे, पुढे जायचं. पण स्वादुपिंडातली ही बेटं शोधली तेव्हा पॉल लँगरहान्स २१ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा मेडिकल स्टुडंट. गंमत म्हणजे शरीरात त्याच्या नावाची आणखी एक गोष्ट आहे आणि तीही त्याने स्टुडंट असतानाच शोधली होती!

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७ चा, बर्लिनमधला. वडील डॉक्टर. तो लहान असतानाच आई टीबीने गेली. मेडिकलसाठी तो आधी येना शहरात आणि मग परत बर्लिनला आला. तिथे त्याला गुरू मिळाले रुडॉल्फ फिर्शो. आजार शोधायचा तर पेशींमध्ये शोधा, असं सांगणारे फिर्शो म्हणजे तेव्हाच्या मेडिकल जगातलं फार मोठं नाव.

१८६८ मध्ये पॉलने माणसाच्या त्वचेचे तुकडे गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात ठेवले आणि मायक्रोस्कोपखाली धरले. त्वचेच्या वरच्या थरात त्याला काळपट, फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. आकारावरून त्याला वाटलं, या मज्जासंस्थेच्या पेशी असणार. हा अंदाज साफ चुकला. पण जे दिसलं ते त्याने इतकं नीट लिहून ठेवलं होतं, की त्या पेशी आजही 'लँगरहान्स पेशी' म्हणूनच ओळखल्या जातात.

पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्याने डॉक्टरेटचा थिसीस दिला. विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना. सशाच्या स्वादुपिंडात त्याला बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या छोट्या पेशींचे पुंजके सापडले. त्यांचं काम काय? आपल्याला माहीत नाही, हे त्याने सरळ कबूल केलं. आपण प्रोजेक्टच्या 'निष्कर्ष'मध्ये काहीतरी ठोकून देतो ना, तसं काहीही केलं नाही.

बेटावरचा डॉक्टर

यानंतर गाडी सुसाट निघाली. १८७० मध्ये भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कीपर्ट यांच्याबरोबर पश्चिम आशियाचा दौरा झाला. मग फ्रान्स-प्रशिया युद्धात जखमींची सेवा आणि त्यानंतर फ्रायबुर्ग विद्यापीठात नोकरी. आता करिअर सेट होणार, तेवढ्यात १८७४ मध्ये त्यालाही टीबीने गाठलं. औषध नव्हतंच. हवापालट हाच उपाय. ठिकाणं बदलत तो १८७५ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोहोचला आणि तिथलाच झाला.

विद्यापीठ सुटलं, पण मायक्रोस्कोप सुटला नाही. मदेराच्या समुद्रातले किडे गोळा करून तो त्यांचा अभ्यास करू लागला. किड्यांच्या एका नव्या प्रजातीगटाला त्याने गुरूंच्या नावावरून 'फिर्शोविया' हे नाव दिलं. फुंशाल या तिथल्या मुख्य शहरात प्रॅक्टिस सुरू केली. मदेराला येणाऱ्यांसाठी गाइडबुकही लिहिलं. १८८५ मध्ये लग्न झालं. पण थोड्याच काळात किडन्या निकामी होऊ लागल्या आणि २० जुलै १८८८ रोजी तो गेला. ४१ वा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

उत्तरं नंतर आली

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८९ मध्ये, स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला डायबेटिस होतो हे दिसलं. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर लागेस यांनी त्या पुंजक्यांना लँगरहान्सचं नाव दिलं. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती लागलं. ते तयार होतं याच बेटांमध्ये.

त्वचेतल्या पेशींचं कोडं सुटायला त्याहून जास्त वेळ लागला. त्या निघाल्या इम्युनिटीच्या पेशी, शरीराच्या वेशीवरचे पहारेकरी. २००० च्या सुमारास त्यांच्या पृष्ठभागावर एक प्रोटीन सापडलं आणि त्याला नाव मिळालं 'लँगेरिन'. हा साखर पकडणारा रिसेप्टर आहे. साखर म्हणजे चहातली नव्हे. अनेक जंतूंच्या अंगावर मॅनोजसारख्या शर्करांचं आवरण असतं. लँगेरिन कॅल्शियमच्या मदतीने ते ओळखतो, जंतूला धरतो आणि पेशीच्या आत ओढतो. एचआयव्हीचं कवचही अशाच शर्करांनी भरलेलं असतं. लँगेरिन हा विषाणू पकडून पेशीत नेतो आणि तिथे तो नष्ट होतो, असं २००७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं. विषाणूंची संख्या फार वाढली तर मात्र हा पहारा कमी पडतो.

टीबीच्या जंतूच्या अंगावरही मॅनोज असतं आणि लँगेरिनच्याच घराण्यातला 'डीसी-साइन' हा रिसेप्टर ते ओळखतो. ज्या रोगाने पॉलची आई नेली आणि त्याचं करिअर हिरावलं, त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला, तोही पॉलच्याच बर्लिनमध्ये. पॉल तेव्हा दूर मदेरात पेशंट तपासत होता.

आपण काय शोधलंय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पेशींचं वर्णन चोख होतं आणि कामाची जागा त्याने प्रामाणिकपणे रिकामी सोडली होती. म्हणूनच पुढच्यांना ती भरता आली. उद्याच्या व्हायवात एखाद्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणावं लागलं, तर एवढं लक्षात असू द्या. फक्त त्याआधी मायक्रोस्कोपमध्ये नीट पाहिलेलं असलं पाहिजे!