क्लबच्या नियमांत एक ओळ लिहायची राहिली आणि कॉलिन चॅपमन सगळ्यांना मागे टाकून गेला

कार रेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येतं. कोट्यवधींच्या गाड्या, जगभर फिरणारे ड्रायव्हर, झगमगाट. पण इंग्लंडमध्ये रेसिंगचं वेड जोपासलं ते हौशी लोकांच्या क्लबांनी. आठवडाभर नोकरी करायची, रात्री गॅरेजमध्ये हात काळे करायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः बनवलेली गाडी स्वतःच पळवायची.

आता अशा रेसमध्ये एक मोठा घोळ असतो. एकाकडे वडिलांच्या पैशातून आलेली दणकट गाडी आणि दुसऱ्याकडे भंगारातून उचललेला सांगाडा, तर रेस कसली लावणार? कुस्तीत जसे वजनी गट असतात तसे इथे गाड्यांचे गट पाडावे लागतात. इंजिन किती सीसीचं, काय बदललेलं चालेल, काय मूळचंच ठेवायचं, हे सगळं कागदावर लिहावं लागतं. रेसच्या आधी तपासनीस गाडीखाली वाकून बघतात आणि कागदाशी जुळलं तरच गाडी ट्रॅकवर उतरते.

अशाच एका कागदातली फट एका पोराने शोधली. नाव कॉलिन चॅपमन. पुढे लोटस नावाची कंपनी काढणारा तो हाच.

त्याचा जन्म १९ मे १९२८ चा. वडील उत्तर लंडनमध्ये रेल्वे हॉटेल चालवायचे. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता, तेही गाड्यांचं नाही तर पूल आणि इमारतींचं. कमी लोखंडात जास्त भार कसा पेलायचा, हा त्याचा अभ्यासाचा विषय. पुढे त्याच्या प्रत्येक गाडीत हेच गणित दिसतं.

कॉलेज करता करता एका मित्रासोबत तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. धंदा बरा चालला होता. पण १९४७ साली सरकारने खाजगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी घेणार कोण? साठवलेला माल मिळेल त्या भावाने फुंकावा लागला. शेवटी एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे तिकडची मारुती ८००. १९२२ ते १९३९ या काळात ही छोटी गाडी बनत होती आणि तिने इंग्लंडच्या मध्यमवर्गाला चारचाकीत बसवलं. चॅपमनने त्या न खपलेल्या गाडीची बॉडी उतरवली आणि हेझल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात नवी गाडी उभी केली. तीच पहिली लोटस. लोटस हेच नाव का, हे मात्र त्याने कधीच उघड केलं नाही.

इकडे ऑस्टिन सेव्हनच्याच वेड्यांचा एक क्लब होता, ७५० क्लब. स्थापना १९३९ ची. महायुद्ध संपल्यावर लोकांच्या खिशात दमड्या नव्हत्या, पण हौस होती आणि युद्धात वापरलेले विमानतळ रिकामे पडले होते. सिल्व्हरस्टोन त्यातलंच एक. क्लबने ठरवलं, गरिबालाही परवडेल असा एक गट काढायचा. इंजिन ऑस्टिन सेव्हनचं, ७४७ सीसीचं. चासी तिचीच, मागचा अ‍ॅक्सल तिचाच. बाकी डोकं चालवा. या गटाला नाव पडलं ७५० फॉर्म्युला.

१९५१ च्या मोसमासाठी चॅपमन लोटस मार्क थ्री घेऊन या गटात उतरला आणि बाकीच्यांना कळेचना की हा एवढा पळतो कसा.

झालं असं होतं की, ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत घेणारी तोंडं दोनच. म्हणजे दोन सिलिंडरमध्ये एक तोंड. त्यातही एकाने ओढून घेतलं की लगेच शेजाऱ्याचा नंबर, त्यामुळे दोघांची ओढाताण व्हायची आणि वाटणी कधीच सारखी व्हायची नाही. एका नळावर दोन घरं असली की होतं तसं.

नवीन तोंडं पाडायची तर इंजिनचा ब्लॉक बदलावा लागणार, आणि त्याला नियम आडवा. चॅपमनने ब्लॉक तसाच ठेवला. त्या तोंडाच्या आत त्याने मधोमध धातूची पट्टी बसवून भिंत घातली. तोंडं बाहेरून दोनच, पण आत प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी. इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागलं आणि ताकद वाढली. गाडी हलकी होतीच.

यात त्याने नियम मोडला का? अजिबात नाही. भिंत घालू नये असं कुठे लिहिलंच नव्हतं.

पण क्लबसमोर खरा पेच होता. ही युक्ती चालू द्यायची तर प्रत्येकाला तीच करावी लागणार. ज्याच्याकडे तसं कसब किंवा तसा कारागीर नाही, तो बाहेर. ज्या गरिबासाठी गट काढला तोच हरणार. म्हणून पुढच्या मोसमासाठी क्लबने नियम बदलला आणि अशी भिंत घालायला बंदी आली. हुशारीची शिक्षा वाटेल, पण हौशी रेसिंग टिकवायचं तर क्लबकडे दुसरा मार्ग नव्हता.

चॅपमन तोवर पुढे निघाला होता. १ जानेवारी १९५२ रोजी त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. भांडवल होतं हेझलने दिलेले २५ पाउंड. वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला हाच कारखाना. गाड्या सुट्या भागांत विकल्या जायच्या, कारण घरी जोडलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नव्हता. सोबत जोडणीची माहिती दिली तर कर लागेल, म्हणून लोटसने गाडी खोलायची कशी याचं पत्रक दिलं आणि लोकांनी ते उलटं वाचलं, असा किस्सा आजही सांगितला जातो.

१९६२ साली मात्र तपासनीस त्याला भारी पडले. ल मान्सच्या रेसला लोटसच्या पुढच्या चाकाला चार बोल्ट आणि मागच्याला सहा. मग एकच स्टेपनी दोन्हीकडे कशी बसणार? चॅपमनने धावपळ करून मागेही चार बोल्टची चाकं आणली. तपासनीस म्हणाले, आधी सहा लागत होते म्हणजे चार असुरक्षित. गाडी बाद. चॅपमन चिडला आणि पुन्हा कधीच लोटसची टीम घेऊन तिथे गेला नाही.

फॉर्म्युला वनमध्ये लोटसने त्याच्या हयातीत ७ वेळा संघाचं जगज्जेतेपद मिळवलं. पण फट शोधण्याच्या आणि वजन उतरवण्याच्या या हट्टाला काळी बाजूही होती. १९६९ साली स्पेनमध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख एकाच जागी मोडले. योखेन रिंट थोडक्यात वाचला आणि त्यानंतरच्या मोनॅको रेसमध्येच असे पंख बंद झाले. लोटस कमकुवत असते, अशी तक्रार रिंटने चॅपमनला पत्र लिहून केली होती. पुढच्या वर्षी मोंझाला सरावात तो लोटसमध्येच गेला. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकमेव ड्रायव्हर.

१९८१ साली चॅपमनने एकात एक दोन चासी असलेली लोटस ८८ आणली. नियमांत बसते म्हणून तो भांडत राहिला, पण तिला रेस करू दिली नाही. १६ डिसेंबर १९८२ ला हृदयविकाराने तो गेला, वय ५४. पुढे डिलोरियन कंपनीला मिळालेल्या सरकारी पैशाच्या अपहारात त्याचं नाव आलं. १९९२ साली बेलफास्टच्या कोर्टात त्याच्या हिशेबनीसाला ३ वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन जिवंत असता तर किमान १० वर्षं आत गेला असता, असं न्यायाधीशांनी तेव्हा सुनावलं.

७५० फॉर्म्युला मात्र अजून चालू आहे. ऑस्टिनच्या जागी आधी रिलायंटचं आणि मग फियाटचं इंजिन आलं. आणि त्यात काय बदललेलं चालतं, हे क्लब आजही लिहून देतो.