शिक्षकाची पात्रता आणि कर्मवीरांचा वारसा

शिक्षकाची पात्रता कोणी व कशी ठरवावी, हा प्रश्न आज महाराष्ट्रात ऐरणीवर आला आहे. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवेस मुकावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला राज्यातील अनेक शिक्षकांनी शाळा बंद ठेवून आपली व्यथा वेशीवर टांगली. अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राकडे सातारा-सांगलीच्या जनतेने आणि शासनानेही पुन्हा एकवार पाहावे, असे आम्हांस वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले आणि राजर्षी शाहू महाराजांचे कार्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. पुढे साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांना जे दिसले ते कोणत्याही अहवालात नव्हते. शेतकऱ्याचे पोर हुशार असूनही गुरांमागे जात होते, कारण गावात शाळा नव्हती. आणि शाळा काढावी तर शिक्षक कोठून आणावा, हा प्रश्न होताच.

आजच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथे सहकाऱ्यांसह वसतिगृहाचा प्रयोग केल्यानंतर, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली, स्वतः दळू व रांधू लागली, शेतात राबून शिकू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. रयतेच्या घराघरांतून आलेल्या मूठमूठ धान्यावर ही संस्था उभी राहिली. लोकमताचा कौल म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

परंतु भाऊरावांच्या कार्याचे मर्म याहूनही खोल आहे. नुसत्या शाळा काढून भागत नाही, शिक्षक घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९३५ साली साताऱ्यास त्यांनी ग्रामीण शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पुढे त्यास महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. स्त्री-शिक्षकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. १९३८ साली यवतेश्वरच्या डोंगरावर पहिली व्हॉलंटरी शाळा उघडली आणि त्यानंतर सरकारी शाळा जेथे पोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो शाळा निघाल्या. साताऱ्याचे शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये, तर शिक्षक-प्रशिक्षणाचे आझाद कॉलेज १९५५ मध्ये सुरू झाले. अप्रशिक्षित शिक्षक चालेल, असे कर्मवीरांनी कधीच मानले नाही. पण प्रशिक्षणाचा भार मात्र त्यांनी शिक्षकाच्या एकट्याच्या शिरावर टाकला नाही.

राज्यकर्त्यांची गैरमर्जीही त्यांच्या वाट्यास आली. गांधीजींच्या हत्येनंतर मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले, तेव्हा रयतेने आपली संस्था मोडू दिली नाही. गाडगे महाराजांनीही शासनदरबारी रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या या पुरुषास १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. देऊन गौरविले, त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रातून आजच्या शासनकर्त्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. परीक्षा घेणे गैर नव्हे. मुलांना जाणता शिक्षक मिळणे हा त्यांचा हक्कच आहे. तथापि वीस-पंचवीस वर्षे खेड्यात शिकविलेल्या शिक्षकास परीक्षेच्या दारात उभे करण्यापूर्वी त्याची तयारी करून घेणे, त्यासाठी वर्ग, वेळ व खर्च पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. दुसरी गोष्ट लोकांच्या मताची. २०२४ साली शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि हरकती-सूचनांसाठी ३ जूनपर्यंतची मुदत मिळाली. शाळांना सुटी, शिक्षक गावी आणि पालक पेरणीपूर्व कामांत गुंतलेले! अशा वेळी मागविलेले मत कागदोपत्री राहते. शिक्षणाचे व शिक्षकांच्या पात्रतेचे नियम करताना मसुदा सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी व्हावी आणि कोणत्या सूचना का नाकारल्या हे लेखी सांगितले जावे. कर्मवीरांनी रयतेच्या दारी जाऊन तिचे मत घेतले होते. शासनाने निदान तिच्या गावापर्यंत तरी यावे.