हाजी आगुस सालिम

हाजी आगुस सालिम (८ ऑक्टोबर, १८८४ - ४ नोव्हेंबर, १९५४) हे इंडोनेशियाचे स्वातंत्र्यसेनानी, पत्रकार व मुत्सद्दी होते. इजिप्तशी झालेल्या १९४७च्या मैत्री कराराचे ते प्रमुख शिल्पकार होत.

त्यांचा जन्म पश्चिम सुमात्रातील कोटो गडांग येथे झाला. १९०६ ते १९११ या काळात ते जेद्दाह येथील डच वकिलातीत नोकरीस होते. तेथे असतानाच त्यांनी मक्केतील आपले नातलग शेख अहमद खतीब यांच्याकडे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. डचांच्या चाकरीत असताना झालेली अरबी जगाची ओळख पुढे डचांविरुद्धच कामी आली, हे विशेष.

मायदेशी परतल्यावर ते सारेकात इस्लाम या संघटनेचे अग्रणी झाले. १९४५ साली स्वातंत्र्य घोषित होऊनही नेदरलँड्स हा प्रश्न आपला अंतर्गत मामला मानत असे. त्यामुळे परराष्ट्रांची मान्यता हाच खरा आधार होता. मार्च १९४७ मध्ये इजिप्तचे मुंबईतील महावाणिज्यदूत अब्दुल मुनीम हे डचांची नाकेबंदी चुकवून अरब लीगचा संदेश घेऊन योग्यकर्ता येथे पोहोचले. त्यानंतर उपपरराष्ट्रमंत्री सालिम यांचे शिष्टमंडळ कैरोला गेले. डच राजदूताचा विरोध न जुमानता इजिप्तचे पंतप्रधान नोक्राशी पाशा यांनी १० जून रोजी करारावर स्वाक्षरी केली. डचांनी २१ जुलैला लष्करी कारवाई सुरू केली, तेव्हा इंडोनेशिया एकाकी नव्हता.

सालिम पुढे परराष्ट्रमंत्री झाले. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी त्यांना सुकार्नोंसह अटक केली. जकार्ता येथे त्यांचे निधन झाले. १९६१ साली त्यांना राष्ट्रीय वीर घोषित करण्यात आले.